जपानी ग्रीन टी: सेंचा, ग्योकुरो, होजिचा वगैरे. नेमका फरक कशात?

रानजाई:
आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस ओसाकाला आहे, त्यामुळे तिकडून येणारा प्रत्येक जण चहाचं पाकीट घेऊन येतो. सध्या कपाटात सेंचाची दोन, गेनमाईचा आणि होजिचाचं एकेक, आणि ग्योकुरोचं अगदी चिमुकलं एक असा साठा आहे. गेनमाईचा ओळखू येतो, त्यात भाजलेले तांदूळ दिसतात. होजिचा तपकिरी, तोही कळतो. सेंचा आणि ग्योकुरो मात्र बशीत शेजारी-शेजारी काढले तर दोन्हीकडे हिरव्या सुया. किमतीत चौपट फरक!

हे सगळं एकाच झाडाचं असेल तर फरक पडतो कुठे? मळ्यात, कारखान्यात, की आपल्या कपात? ग्योकुरोला एवढे पैसे मोजण्यात अर्थ आहे, की नुसतं नाव मोठं? नवरा लवकरच ओसाकाला जातोय, त्याला यादी द्यायची आहे. जाणकारांनी लिहावं. दूध, साखर, आलं घालणाऱ्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

चहाटळ:
दूध-साखर-आलंवाला हजर आहे. कोपऱ्यात बसून वाचतो, त्रास देणार नाही.

बटाटेवडा:
आम्हाला ग्रीन टी म्हटलं की डॉक्टर आणि वजनकाटा आठवतो. पालक उकळून गाळलेलं पाणी. त्याचे पाच प्रकार असतात हे आजच कळलं.

हमामात्सुकर:
रानजाई, तिन्ही ठिकाणी पडतो. शिझुओका प्रांतात राहतो, आजूबाजूला मळेच मळे, त्यामुळे चार ओळी लिहायचा हक्क सांगतो.

झाडाची प्रजाती एकच, आसाम-दार्जिलिंगचीही तीच. खुडल्यावर पान हवेने तांबूस-काळं पडायला लागतं. ते पडू दिलं तर काळा चहा, लगेच थांबवलं तर हिरवा. चिनी लोक बहुतेक वेळा पान कढईत परतून थांबवतात, जपानी वाफ देतात. तो जो हिरवागार, ओल्या गवताचा वास येतो तो वाफेचा. अर्धा-पाऊण मिनिट वाफ दिली की नेहमीचा सेंचा. एक ते दोन मिनिटं दिली की फुकामुशी सेंचा. त्यात पान इतकं मऊ पडतं की पुढे वळताना तुटतं, चुरा होतो, आणि कपात चहा गढूळ, गडद हिरवा उतरतो. तुरटपणा कमी, अंगाने दाट. हे आमच्या काकेगावा, किकुगावा, माकिनोहारा पट्ट्याचं काम. इथे ऊन भरपूर, पान जाड, साध्या वाफेवरचा चहा कडक लागायचा, म्हणून वाफ वाढवली. तुमच्या दोन सेंचांपैकी एकात सुया आणि एकात चुरा असेल तर चुऱ्याचा माल हलका समजू नका.

ग्योकुरोचा फरक मळ्यातच पडतो. खुडणीआधी साधारण २० दिवस झाडं झाकतात. पूर्वी बोरूच्या चटया आणि वर भाताचा पेंढा, आता बहुतेक ठिकाणी काळी जाळी. आठवडा-दोन आठवडे झाकलं तर त्याला काबुसेचा म्हणतात, तो सेंचा आणि ग्योकुरोच्या मधला. मिए प्रांतात तो खूप होतो.

परीक्षानळी:
वरच्या प्रतिसादाला रसायनशास्त्राची पुरवणी. थियानिन नावाचं अमिनो आम्ल चहाच्या मुळांत तयार होतं आणि पानात चढतं. उन्हात त्याचा वापर होऊन कॅटेचिनं बनतात. थियानिन म्हणजे ती जिभेवर रेंगाळणारी गोडसर, रसदार चव, आणि कॅटेचिन म्हणजे तुरटपणा. झाड झाकलं की हे रूपांतर मंदावतं, आणि कमी उजेडात भागवायचं म्हणून पान हरितद्रव्य वाढवतं. म्हणून ग्योकुरो गोड आणि गडद. थियानिन पहिल्यांदा वेगळं केलं गेलं तेही ग्योकुरोतूनच, क्योटोत, १९४९ साली.

कॅटेचिनचं श्रेय त्याआधीचं. त्सुजिमुरा मिचियो या बाईंनी १९२९ मध्ये हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळं केलं. १९३२ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली, आणि शेतीशास्त्रात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या जपानी स्त्री.

बटाटेवडा, पालकाचा वास म्हणालात त्यात तथ्य आहे, पण उकळलात कशाला?

बटाटेवडा:
मग चहा करायचा कसा? फुंकर मारून?

अक्षरओळख:
(जपानी भाषांतराचं काम करते, काही काळ क्योटोत होते.)
हमामात्सुकरांनी शिझुओकाचं कौतुक करणं ओघानेच आलं. :) पण आज ज्याला सेंचा म्हणतात तो क्योटोजवळच्या उजीच्या बाजूचा. उजितावारा गावच्या नागातानी सोएन यांनी १७३८ मध्ये पान वाफवून, मग खाली विस्तव असलेल्या तक्त्यावर हाताने वळत-वळत सुकवायची रीत बसवली. त्याआधी सामान्य माणूस प्यायचा तो चहा रंगाने तपकिरी आणि चवीला ओबडधोबड. सोएन आपला माल घेऊन थेट एदोला गेले, म्हणजे आजच्या टोकियोला, आणि यामामोतो काहेइ या व्यापाऱ्याने तो उचलला. ग्योकुरोची सुरुवातही त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीच्या नावावर सांगतात, १८३५ च्या सुमारास.

राहिला होजिचा. तो मळ्यात वेगळा नसतो, तयार चहा भाजून करतात. बांचा म्हणजे उशिराची, राठ पानं, किंवा सेंचातल्या काड्या घ्यायच्या आणि तपकिरी होईपर्यंत खमंग भाजायच्या. हाही क्योटोचाच, १९२० च्या दशकातला. चहाची दुकानं दारातच भाजायचं यंत्र लावतात आणि अख्ख्या गल्लीला वास सुटतो. जाहिरातीचा खर्च शून्य.

निवांत:
म्हणजे एकाच भाताचे पोहे, चुरमुरे, लाह्या आणि पिठी, तसं.

हमामात्सुकर:
@निवांत, साधारण तसंच, पण ग्योकुरोत फरक पीक उभं असतानाच सुरू होतो. पोह्यांसाठी कोणी शेतावर मांडव घालत नाही.

@अक्षरओळख, सोएन उजीचे, मान्य. पण आज जपानभर चहाची जी एक जात सगळ्यात जास्त लावलेली आहे ती याबुकिता, आणि ती शिझुओकाची. सुगियामा हिकोसाबुरो नावाच्या माणसाने १९०८ साली बांबूचं रान साफ करून लावलेल्या रोपांतून ती निवडली. तिची सरकारी नोंद व्हायला १९५३ उजाडलं, सुगियामा तोवर हयात नव्हते. आता देशातल्या बहुतेक चहाच्या लागवडीत तीच. थंडी सोसते, उतारा चांगला, वास ठीक. टीका अशी की सगळ्या देशाचा चहा एकाच चवीचा झाला.

माकिनोहाराची गोष्टही सांगून टाकतो. १८६८ नंतर शोगुनची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याची, सत्ता गेली आणि त्याच्या पदरचे सामुराई बेकार झाले. त्यांना हे ओसाड पठार फोडायला दिलं. पाठोपाठ ओई नदीतून प्रवाशांना खांद्यावर पलीकडे नेणारे हमाल बेकार झाले, कारण सरकारने होड्यांना परवानगी दिली. तेही इथेच चहा लावायला आले. आज त्या पठारावर नजर पोचेल तिथवर चहाच्या रांगा आणि मधूनमधून खांबांवर पंखे. वीज तयार करायला नाहीत ते. वसंतात निरभ्र रात्री जमिनीलगत गारठा धरतो आणि कोवळे कोंब करपतात. वरची थोडी उबदार हवा खाली ढकलायला हे पंखे लावलेत. एप्रिलमधल्या थंड पहाटे शेकडो पंखे एकदम सुरू होतात, झोपमोड हमखास.

चहाटळ:
आमच्याकडे झोपमोड करायला एक भोंगा पुरतो.

दिब्रुगडचा_पाव्हणा:
नोकरीनिमित्त आसामात आहे, म्हणून आपल्या बाजूचा एक धागा जोडतो. तादा मोतोकिचि नावाचा एक माजी सामुराई शिझुओकातच मारिको इथे चहा लावून राहिला होता. शोगुननंतर आलेल्या मेइजी सरकारने त्याला काळा चहा शिकायला आधी चीनला आणि मग हिंदुस्थानात पाठवलं. १८७६ च्या सुमारास तो दार्जिलिंग, आसाम फिरला आणि परत जाताना बिया घेऊन गेला. जपानला काळ्या चहाची निर्यात करायची होती. ती फारशी जमली नाही, पण आसामी वाण तिथल्या पैदाशीत राहिलं. आता तिथे बेनिफुकी म्हणून जो वाण आहे त्याच्या एका बाजूला आसामचं रक्त आहे आणि दुसऱ्या बाजूला दार्जिलिंगचं. गंमत म्हणजे काळ्या चहासाठी काढलेला हा वाण जपानी लोक हिरवा करून पितात, परागकणांनी शिंका येतात त्यावर बरा म्हणून.

परीक्षानळी:
त्यात मिथाइलयुक्त कॅटेचिनं जास्त असतात, म्हणून तशी ख्याती. औषध म्हणून कोणी घेऊ नये.

फोंड्याची_आत्या:
लेक फुकुओकाला असते. तिने यामेचा ग्योकुरो आणला होता. तिथलाही नावाजलेला म्हणे. पाकीट फोडलं आणि मी म्हटलं, अगो, सुक्या मासळीच्या डब्यात ठेवला होतास काय? तीच हसायला लागली. वास खराच समुद्राकाठचा. मला आवडला हो. पण शेजारच्या जोशीबाईंनी कप खाली ठेवला तो परत उचलला नाही.

उंबरठा:
आत्या, जोशीबाईंशी सहमत! आम्ही पक्के शाकाहारी, आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या त्या चहाला सोड्यांचा वास. एक घोट घेऊन तुळशीला घातला. तुळस ठीक आहे.

परीक्षानळी:
चहा शंभर टक्के शाकाहारी आहे, निर्धास्त राहा. झाकलेल्या पानात डायमिथाइल सल्फाइड हा वायू देणारं द्रव्य वाढतं. किनाऱ्यावर आणि नोरी शेवाळात जो वास येतो त्यातही हाच वायू. जपानी माणूस त्यालाच 'झाकलेला वास' म्हणून जादा पैसे देतो.

दिवाणखाना:
एक दुरुस्ती. 'जपानी म्हणजे वाफेचा' हे सरसकट खरं नाही. क्यूशू बेटावर सागा प्रांतातल्या उरेशिनोला आणि मियाझाकीतल्या ताकाचिहोच्या डोंगरात अजून लोखंडी कढईत परतलेला चहा मिळतो, कामाइरिचा. पानं सरळ सुईसारखी नसून वळलेली, वास भाजक्या दाण्याकडे झुकणारा, हिरवटपणा कमी. ज्यांना पालक नको त्यांनी हा शोधावा. तयार थोडा होतो, त्यामुळे विमानतळावर वगैरे दिसणार नाही.

हमामात्सुकर:
बरोबर, म्हणूनच मी चिनी लोकांबद्दल 'बहुतेक वेळा' म्हटलं. जपानबद्दल म्हणायचं राहिलं. कामाइरिचा जुना आहे, चीनमधून आलेली रीत.

सुगरणीचा_खोपा:
हे सगळं छान, पण करायचा कसा ते कोणीतरी नीट सांगा ना. आमच्याकडे थर्मामीटर फक्त तापाचा.

अक्षरओळख:
थर्मामीटर नको. उकळतं पाणी गार भांड्यात ओतलं की दर खेपेला दहाएक अंश उतरतं. पातेल्यातून कपात ओतलं, कपातून दुसऱ्या कपात, की सेंचाच्या हिशेबात आलंच, म्हणजे ७० ते ८० अंश. दोन चमचे पान, दोन छोटे कप पाणी, मिनिटभर. फुकामुशीला अर्धं मिनिट पुरे. मग सगळं ओतायचं, भांड्यात पाणी शिल्लक ठेवायचं नाही, नाहीतर दुसरी खेप कडू होते. दुसऱ्या खेपेला थांबायचं नाही, ओतलं की काढलं.

होजिचा, गेनमाईचा, बांचा यांना असले लाड नकोत. सरळ उकळतं पाणी. त्यांचा वासच उकळत्या पाण्याने उठतो.

पाणी कमी तापवण्यामागचं कारण असं की थियानिन कोमट पाण्यातही सुटतं, कॅटेचिन आणि कॅफीन गरम पाण्यात जास्त. म्हणजे रानजाई, तुझ्या 'मळ्यात की कपात' या प्रश्नाला माझं उत्तर: चांगला सेंचा उकळत्या पाण्याने वाया घालवता येतो, पण साधा सेंचा गार पाण्याने ग्योकुरो होत नाही.

बटाटेवडा:
आमच्या ऑफिसातल्या डिप-डिपला हेच लागू आहे का?

अक्षरओळख:
त्या पुड्यांत बहुतेक भुकटी असते, पटकन कडू होते. पाणी जरा निवू द्या, मिनिटभरात पुडी काढा. दोरी धरून बुडबुड करत मीटिंग संपेपर्यंत ठेवू नका.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. अक्षरओळख ताईंच्या रीतीने काल रात्री ग्योकुरो केला, पाकिटावरची चित्रं बघून. ५ ग्रॅम पान, पाणी जेमतेम पाव वाटी, आणि इतकं निवलेलं की भांड्याला हात लावला तर चटका बसत नव्हता. दोन मिनिटं थांबले. पानं पाणी पिऊन फुगली, वर पाणी दिसेनासंच झालं. मला वाटलं, आता ओतायचं काय? तिरकं धरून थेंब-थेंब उतरवला तेव्हा तीन घोट जमले. तेलासारखा जाड, पिवळट हिरवा. नवरा म्हणाला, हे सूप आहे. चव अर्धा तास तोंडात होती. चहा प्यायल्यासारखं अजिबात वाटलं नाही, आणि आवडला की नाही तेही अजून सांगता येत नाही. नंतर पानांवर सोया सॉस आणि लिंबू पिळून खाल्लं. ते मात्र झकास.

सेंचा दुसऱ्या दिवशी सकाळी केला. आता शेजारी ठेवून ओळखू शकेन, डोळे मिटूनही.

परीक्षानळी:
रात्री ग्योकुरो? झोप लागली का? जपानच्या सरकारी आहार-कोष्टकात १०० मिलीला ग्योकुरोत १६० मिलिग्रॅम कॅफीन दिलंय. कॉफीत ६०, सेंचात २०. अर्थात ग्योकुरो कोणी १०० मिली पीत नाही, आणि कोष्टकातला काढाही घट्ट आहे.

रानजाई:
तीन वाजता भांडी लावून झाली. आता कारण कळलं.

सुगरणीचा_खोपा:
म्हणजे रात्री होजिचा बरा. त्यात कॅफीन नसतं ना?

परीक्षानळी:
असतं. त्याच कोष्टकात होजिचालाही २० च आहे, सेंचाइतकं. गेनमाईचा आणि बांचाला १०. गेनमाईचात निम्मे तांदूळ, म्हणून कमी. होजिचा हलका लागतो कारण भाजल्यावर तुरटपणा जातो, आणि तो मुळात राठ पानांचा, काड्यांचा असेल तर कॅफीनही कमी. पण 'नसतं' हे दुकानातलं बोलणं.

आणखी एक. रक्त कमी असणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी बायकांनी, कुठलाही चहा जेवणाला चिकटून पिऊ नये. डाळी-भाज्यांतलं लोह नीट अंगी लागत नाही.

ठाणेदार:
फिरत्या पट्ट्याच्या सुशी हॉटेलात टेबलावर हिरव्या पावडरीची डबी असते आणि गरम पाण्याचा नळ. फुकटात कितीही माच्चा! कपात दोन-दोन चमचे टाकून प्यायलो. इकडे कॅफेत त्याच माच्चाचे चारशे रुपये घेतात.

अक्षरओळख:
तो माच्चा नव्हे हो. ती साध्या चहाची पूड, बहुतेक सेंचाची. नेहमीच्या सुशी दुकानात जो कडक चहा देतात तो कोनाचा, म्हणजे चहा चाळताना उरलेली कणी. माशाचं तेल तोंडातून धुऊन काढायला उत्तम आणि स्वस्त.

माच्चाची पानं ग्योकुरोसारखी झाकतात, पण वाफवल्यावर वळत नाहीत. सपाटच सुकवतात, देठ-शिरा काढून टाकतात. त्याला तेनचा म्हणतात आणि तो जात्यावर दळला की माच्चा. दगडी जातं तासाला ४० ग्रॅमच्या आसपास दळतं. जोरात फिरवलं तर तापतं आणि वास जातो. म्हणजे एक छोटी डबी भरायला जवळजवळ तास. चारशे रुपये का, त्याचं थोडं उत्तर यात आहे. थोडं कॅफेच्या भाड्यात.

ठाणेदार:
नळाला हात धुवायला गेलो होतो हे सांगितलंच नाही अजून.

निवांत:
'सेरेमोनियल ग्रेड' लिहिलेला घ्यावा का? एका संकेतस्थळावर त्याचेच तीन भाव दिसले.

हमामात्सुकर:
जपानात असा कुठलाही अधिकृत दर्जा नाही. बाहेरच्या बाजारासाठी चिकटवलेलं नाव आहे, कोणीही छापू शकतो. इथल्या दुकानात विचारतात: घट्ट घोटायचा आहे, पातळ फेसाळ करायचा आहे, की केकमध्ये घालायचा आहे? त्यावर डबी काढून देतात.

आणि माच्चाची सध्याची लाट आम्हाला महागात पडतेय. २०२४ च्या पानगळीपासून क्योटोतल्या नावाजलेल्या दुकानांनी गिऱ्हाइकामागे डब्या मोजून द्यायला सुरुवात केली. तेनचाला भाव चांगला म्हणून शेतकरी सेंचा सोडून तिकडे वळतायत, आणि आमचा साधा रोजचा सेंचा महागतोय. त्यात २०२४ सालीच कच्च्या चहाच्या उत्पादनात क्यूशूतल्या कागोशिमा प्रांताने शिझुओकाला पहिल्यांदा मागे टाकलं. तिकडे जमीन सपाट, यंत्रं मोठी. आमच्याकडे उतारावरचे मळे आणि म्हातारे शेतकरी. शेजारच्या आजोबांनी मागच्या हंगामात मळा सोडला, मुलगा नागोयात नोकरीला. रांगा वाढून आता माणसाच्या डोक्याच्या वर गेल्यात.

दिवाणखाना:
आणि तरुण जपानी घरांत चहाचं भांडंच नसतं म्हणतात. सगळे बाटलीतला पितात.

हमामात्सुकर:
माझ्या ऑफिसात तरी तसंच आहे. बिनसाखरेचा बाटलीबंद चहा, प्रत्येक यंत्रात. डब्यातला सेंचा पहिल्यांदा बाजारात आला १९८५ साली. त्याआधी लोक हसायचे की चहा कोणी विकत पितं का. बाटलीवर व्हिटॅमिन सी लिहिलेलं दिसेल, ते तब्येतीपेक्षा रंग टिकावा म्हणून घातलेलं असतं.

उंबरठा:
अवांतर: क्योटोत पाहुण्याला 'चहाभात खाऊन जा' म्हणाले की तो निघ असा इशारा असतो, हे खरं का?

अक्षरओळख:
ऐकिवात सगळ्यांच्या आहे, माझ्यावर कोणी वापरला नाही. पण क्योटोत घरमालकिणीने 'तुमचा मुलगा पियानो छान वाजवतो हो' म्हटलं होतं, त्याचा अर्थ कळायला पुण्यात वाढल्याचा फायदा झाला.

चहाटळ:
आमच्या पेठेत सरळ पाटी लावतात. इशारे वगैरे लाड नाहीत.

फोंड्याची_आत्या:
क्योटोचा तो धुराचा चहा कोणी प्यायलात काय? लेकीने दिला. मोठी-मोठी पानं, काड्या, सगळं गोळा करून आणल्यासारखं. डबा उघडला तर विडीचा वास.

अक्षरओळख:
क्योबांचा! मी त्याची भक्त आहे. वसंतातली खुडणी झाल्यावर मागे राहिलेली मोठी पानं काड्यांसकट कापतात, वाफवून न वळता सुकवतात आणि चांगली भाजतात. क्योटोत घरोघरी किटलीभर उकळून ठेवलेला असतो, लहान मुलांनाही देतात. बाहेरच्या माणसाला पहिल्या दिवशी घरात कोणी सिगारेट ओढली का असं वाटतं.

मी उघडच लिहिते: ग्योकुरो आणि माच्चाच्या कौतुकात बांचाला फार खालचं पान वाढतात. रोज जेवणाबरोबर लागतो तो बांचाच. आणि त्यात गावागणिक तऱ्हा. तोकुशिमाचा आवा बांचा तर आंबवलेला. भर उन्हाळ्यात पानं ओरबाडून काढतात, उकडतात, मोठ्या पिंपात दाबून वर दगड ठेवतात आणि आंबली की उन्हात वाळवतात. चव आंबटसर, जवळजवळ ताकाकडे जाणारी. चहाटळ, तुम्हाला हा आवडेल.

चहाटळ:
आवडेल. मठ्ठ्याचा चहा! पत्ता द्या.

दिवाणखाना:
सहमत. काड्यांच्या चहालाही न्याय मिळो. कुकिचा म्हणजे सेंचा-ग्योकुरोतून वेगळ्या काढलेल्या काड्या. थियानिन काड्यांतही भरपूर असतं, तुरटपणा कमी. ग्योकुरोच्या काड्यांचा तर ग्योकुरोच्या निम्म्याहून कमी भावात मिळतो. कानाझावाला काड्या भाजून जो होजिचा करतात, कागा बोचा, तो मी एकदा प्यायलो आणि पानांचा होजिचा सोडला.

रानजाई:
बरं, आता यादी. नवरा मेच्या शेवटी जातोय. दोन जण पिणारे, त्यातला एक सूप म्हणणारा. काय आणायला सांगू?

हमामात्सुकर:
मे म्हणजे नशीब काढलंत. नवा चहा, शिनचा, दुकानात आलेला असेल. जपानी पंचांगातल्या वसंताच्या पहिल्या दिवसापासून ८८ वी रात्र म्हणजे २ मेच्या आसपास, ती खुडणीची पारंपरिक खूण. थंडीभर झाडाने साठवलेलं सगळं त्या पहिल्या कोंबात असतं. त्याला सांगा, पाकिटावर शिनचा लिहिलेला फुकामुशी घे, १०० ग्रॅमला हजार येनांच्या आतबाहेर असेल तो. करायला सोपा, पाणी थोडं चुकलं तरी सांभाळून घेतो. ग्योकुरो आणू नका. ज्याला अजून आवडला की नाही ते ठरत नाही, त्याने त्यावर पैसे घालू नयेत.

अक्षरओळख:
ओसाकाहून उजी ट्रेनने तासाभराचं आहे आणि तुम्ही त्याला शिझुओकाचा चहा घ्यायला सांगताय! रानजाई, त्याला अर्धा दिवस काढायला सांग. उजीत दुकानदार घोटभर चाखायला देतात. तिथून साधा वाफवलेला सेंचा आणि ग्योकुरोच्या काड्यांचा कुकिचा घ्यावा. फुकामुशीचा चुरा आपल्या गाळणीतून खाली उतरतो आणि दुसऱ्या कपात नुसता गाळ. बारीक जाळीचं भांडं नसेल तर कशाला?

हमामात्सुकर:
जाळीचं भांडंही आणावं की मग. तोकोनामेचं लाल मातीचं, बाजूला दांडा असलेलं. आतली जाळी बघून घ्या.

दिवाणखाना:
एका गोष्टीवर दोघांचं एकमत होईल: पाकिटं लहान. ५० किंवा १०० ग्रॅमची. फोडल्यावर महिन्याभरात संपवायचा. पावसाळ्यात तर दोन आठवड्यांत वास जातो. न फोडलेली फ्रीजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर लगेच फोडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. आणि शिळा झालाच तर फेकू नका. कोरड्या कढईत मंद आचेवर हलवत भाजा, घरचा होजिचा.

रानजाई:
यादी झाली: उजीचा सेंचा, ग्योकुरोचा कुकिचा, शिनचा फुकामुशीचं एकच पाकीट, आणि भांडं. हमामात्सुकर, रागावू नका. ग्योकुरो नाही. काड्यांमधून पुन्हा ओळख करून बघते.

हमामात्सुकर:
एक पाकीट तरी मिळालं. कागोशिमाच्या हिशेबात हेही नसे थोडके.

सुगरणीचा_खोपा:
मेमध्ये इकडे गरम चहा कोण पिणार? सेंचा थंड चालतो का?

अक्षरओळख:
चालतो, उत्तम लागतो. लिटरभर गार पाण्यात १० ते १५ ग्रॅम पान, फ्रीजमध्ये तीन-चार तास, मग गाळून घ्यायचा. कडूपणा जवळजवळ येतच नाही आणि कॅफीनही कमी उतरतं. दिवसभरात संपवा. साखर घालू नका, आधी एकदा तसाच पिऊन बघा.

नागरमोथा:
धागा आत्ता वाचला. आम्ही बोअरच्या पाण्यावर. बहिणीने दिलेला सेंचा सगळे नियम पाळून केला तरी रंग मळकट, वर तवंग, चव बोथट. पाण्यामुळे असेल का?

परीक्षानळी:
पाण्यामुळेच. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, ते चहातल्या द्रव्यांना धरून बसतं आणि तवंग येतो. जपानातलं पाणी बहुतेक मऊ असतं, चहा त्याच हिशेबाने घडवलेला. घरी आरओ असेल तर ते पाणी वापरा. अगदी सपक वाटलं तर त्यात थोडं साधं पाणी मिसळून प्रमाण बसवा. बाटलीचं मिनरल वॉटर घेणार असाल तर लेबलवर कॅल्शियम बघा, कमीत कमी असलेलं घ्या.

नागरमोथा:
आरओ आहे. संध्याकाळी करून इथेच लिहितो.